एकोणनव्वद दिवस

चाळीस मीटरवर, बॉयलरच्या पोटात,
एकाच फळीवर आम्ही दोघं.
लिऊ थर्मासातलं गरम पाणी पितो,
भुसावळच्या मे महिन्यात. गरम.
मी मान फिरवून घेतो.

काल गेटवर झांबरेभाऊ माईकवर म्हणाले,
परक्यांनी भूमिपुत्रांचा घास पळवला.
मीही टाळ्या वाजवल्या.
प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहे माझ्याकडे,
लॅमिनेट केलेला.
आज जिथं राखेचं तळं आहे
तिथं आमची केळी होती.
रात्री शारजातून लोटनचा फोन आला,
त्याला भाषण सांगितलं तर गप्पच बसला,
मग म्हणाला, "जेवना का रे?"
तिथले लोक त्याला काय म्हणतात
हे मी कधी विचारलेलं नाही.

सांध्यांचे एक्स-रे आले आज.
काळ्या फिल्मवर फिकट रेघ,
एकही बुडबुडा नाही.
कुठला त्याचा, कुठला माझा,
इन्स्पेक्टरलाही रजिस्टर उघडावं लागलं.

डबा सोडताना लिऊनं खुणेनं विचारलं,
किती दिवस?
आधी स्वतःच सहा बोटं दाखवली. महिने.
माझी बोटं पुरेनात.
एकोणनव्वद दिवस, मग ब्रेक,
मग नवा ठेकेदार, नवा गेटपास,
जुनाच मी.
अकरा वर्षं.
तो पुन्हा पुन्हा मोजत राहिला,
त्याला वाटलं मीच चुकतोय.

मग थर्मासाचं झाकण भरून
त्यानं माझ्यापुढे धरलं.
जीभ पोळली.

खाली गेटवर माईकची टेस्टिंग चालू होती,
वन, टू, थ्री.
वन, टू, थ्री.
पुढे कोणी मोजत नव्हतं.