दीड धागा

यादी गोठवायची तारीख शुक्रवार.
टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, वरच्या मजल्यावर
आम्ही तिघं, आणि एक पंखा, दोनच्या पुढे न फिरणारा.
नवं काही न सोसणाऱ्या म्हाताऱ्या संगणकांसाठी
आम्ही एक प्रणाली बांधतो. नाव मार्कंडेय.
तिच्या पोटात पायथन कुठला घालायचा,
एवढाच प्रश्न. तीन आठवडे झाले.

महांतेश म्हणतो, जुन्याला आता वाली उरला नाही,
उद्या भोक पडलं तर बुजवणार कोण, तू?
इनास म्हणतो, दोन्ही ठेवू,
मग जागा मोजतो
आणि स्वतःच म्हणतो, मावत नाही.

मला वडगाव दिसतं.
सिद्राम कामकरच्या मागावर साडीच्या काठाची नक्षी
एका जुन्या प्रोग्राममधून उतरते.
लिहिणारा मुतगेकर पुण्याला गेला, पुढं फोनही लागेना.
पहिल्याच ओळीत त्याची टीप:
चालतंय. हात लावू नये.

जुन्याला विचारा, तीन भागिले दोन,
तो म्हणायचा एक,
उरलेलं गुपचूप खिशात टाकायचा.
नवा खरं बोलतो: दीड.
पण दीड धागा
सिद्रामनं कुठल्या फणीतून ओवायचा?
चाचणीत काठावरचा मोर
मानेपाशीच थांबला.

बुधवारी फोन केला. मागाच्या खडखडाटात तो ओरडला,
"आवृत्ती? पुस्तकाची काय ओ?"
मग म्हणाला, "लगीनसराई तोंडावर हाय की बाई,
तुमचं तुम्ही बघा,
माझा मोर तेवढा उडू नये."

शुक्रवारी रात्री, वीज जाऊन आल्यावर,
यादीत मी नवा लिहिला.
महांतेश "सरी" म्हणाला,
जिंकल्यासारखं नाही,
शेवटची बस चुकलेल्या माणसासारखं.

रविवारी वडगावात गेले.
एक तिरकी रेघ होती, तिच्या शेजारी दुसरी ओढली.
अशा एकोणीस जागा.
विसावी सापडेपर्यंत दुपार कलली,
सिद्रामच्या बायकोनं दोनदा चहा ठेवला,
काही विचारलं नाही.

मुतगेकरच्या टिपेखाली तारीख घातली, आणि:
लावला. चालतंय.

मोर पायांवर उभा आहे.
डावीकडे जरासा कलतो, ते मी दाखवलं.
सिद्राम काठावरून बोट फिरवत म्हणाला,
"त्यो पहिल्यापासनंच तसा हाय."