जोडपत्र तीन

टायपिंग सेंटरातला अजयन विचारतो, कारण काय लिहू?
दंडाविरुद्धचा अर्ज, कारण एका ओळीत हवं.
मी म्हणतो, दाढ.
तो म्हणतो, दाढ हे कारण होत नाही, तिसेकरभाई,
दाढ हा विषय झाला.

मग पहिल्यापासून सांगतो.
रास अल खैमा, टाइल्सचा कारखाना,
भट्टीच्या तोंडाशी नऊ वर्षं.
फेब्रुवारीच्या शेवटी दोन नंबरची भट्टी थंड केली,
तिच्याबरोबर आम्ही चाळीस जण.
विम्याचा बेकारभत्ता तीन महिने,
कॅम्पातली खाट तोवर तशीच,
आणि दवाखान्याच्या फळ्यावर
मराठी सोडून सगळ्या भाषांत लिहिलेलं:
पगार नसलेल्यांचे दात मोफत.

पगार नसलेल्यांचे दात.
मी आरशात बघितले. माझेच होते.

अकरा मे.
डावीकडची खालची, मागून दुसरी.
आठ रात्री लवंग धरून काढल्या होत्या.
डॉक्टरीणबाई सीरियाच्या, मनगट काडीएवढं,
पण ओढ अशी की नारळ सोलणारा मामू आठवावा.
फॉर्मवर दोन चौकोन: पगार आहे, पगार नाही.
तोंडात कापूस. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं,
नर्सने खूण केली.
खोटं नव्हतं ते.
सकाळी साडेदहाला ते खोटं नव्हतं.

दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी
कंपनीने जानेवारीचा पगार टाकला.
जानेवारीचा!
ज्याच्यासाठी विनवण्या करकरून
दातांच्या कण्या झाल्या होत्या माझ्या.

यंत्राला जानेवारी कळत नाही.
त्याला अकरा मे कळतं
आणि खात्यात पडलेला आकडा.
पगारदार माणसाने फुकटात दाढ काढली.
दाढेचे दीडशे, दंड सहाशे,
भरा, नाहीतर फायलीवर लाल खूण.

अजयन की-बोर्डवरून हात काढतो, चहा मागवतो.
थकबाकीला अरबीत काय म्हणायचं
ते दोनदा लिहून दोनदा पुसतो.
मी म्हणतो, असं लिही,
उशिरा आलेला पाहुणा
आला त्या दिवसाचा धरू नये.
तो म्हणतो, सरकारी अर्जात पाहुणे चालत नाहीत,
आणि लिहितो: सदर रक्कम मागील कालावधीची.
बरं. तेच ते.
टायपिंगचे तीस दिरहम.

जोडपत्र एक, बँकेचा कागद.
जोडपत्र दोन, कंपनीचं पत्र,
सही आहे, खाली नाव नाही.
मी खिशातून पुडी काढतो.
कागदी रुमालात दाढ, मुळाशी अजून तपकिरी.
जोडपत्र तीन, म्हणतो.
अजयन हसत नाही.
स्टेपलर हळूच बाजूला सरकवतो.
राहू द्या खिशात, विचारलं तर दाखवा.

सहा नंबरच्या खिडकीत कोणी विचारलं नाही.
आतला पोरगा उजवा गाल तळहातात धरून बसलेला.
कागद न उलटता शिक्का मारला: मिळाला.
मान्य नाही, अमान्य नाही. मिळाला.
मी काचेच्या भोकातून म्हटलं, करनफुल.
लवंगेपुरतं अरबी येतं मला,
कोपऱ्यावरच्या बकाल्यामुळे.
त्याने वर बघितलं,
गालावरचा हात काढला, पुन्हा ठेवला,
आणि म्हणाला, पुढचा.

रात्री जुलेखा फोनवर विचारते, दाढ टाकली कुठे?
आपल्याकडे दात कौलांवर फेकतात.
तिन्ही पोरांचे दुधाचे दात तिनेच फेकले,
मी इथे होतो.
मी सांगत नाही, कॅम्पचं छप्पर पत्र्याचं आहे,
त्यावर चौदा एसी, सगळे गळके,
आणि दाढ अजून सरकारी कामात आहे,
निकाल लागेपर्यंत टाकता येत नाही.

ठेवलीय जपून, म्हणतो.
ती म्हणते, खुळेच आहात.
मग जरा थांबून, जेवण झालं?

एका बाजूने, मी म्हणतो.