साठ दिवस पुरलेलं बनियन

तिसऱ्या वर्षाला एक पेपर आहे, क्रेडिट तीन,
नाव ठिबकच्या नळीसारखं लांब:
पुनरुज्जीवक शेती आणि शाश्वत अन्नव्यवस्था.
फळ्यावर लिहिताना भामरे सरांचा खडू दोनदा मोडला.
मग हात झटकत म्हणाले,
एकेक सुती कपडा आणा, शंभर टक्के सुती.
वीतभर खोल पुरा. माती जिवंत असली
तर खाईल.

मी अण्णांची तीन बनियनं उचलली,
पुड्यातली, कोरी, नव्वद नंबर.
आई कळण्याचं पीठ चाळत होती.
काब्रं वं?
पुरायचीयेत.
चाळण थांबली. माझ्याकडे पाहिलं तिनं,
आणि परत चाळू लागली.

एक सावद्याजवळ आमच्या केळीत,
नवव्या ओळीत, थेंब पडतो तिथं.
एक धुळ्याला कॉलेजच्या प्लॉटमध्ये,
जिथं पाटी आहे आणि पाटीला कुंपण आहे.
तिसऱ्यासाठी चोपड्याहून जीप, मग पायी,
सातपुड्याच्या उतारावर धारकाबाई पावरांचं वावर:
ज्वारीत उडीद, उडदात चवळी,
कडेला अंबाडी, मध्येच भगर,
ओळ म्हणून कुठं सापडेना, टेप लावू कशाला?
मी वहीत लिहिलं, पीकविविधता: उच्च.
ती खड्ड्याकडे बघत म्हणाली,
कोरं आहे ना हे?
नातवाला झालं असतं.

याचा रकाना तक्त्यात नव्हता.

भाद्रपदात उकरायला गेले.
आमच्या केळीतलं जसंच्या तसं निघालं.
झटकून दिलं असतं तर दुकानदारानं परत घेतलं असतं.
खड्ड्यात गांडूळ नाही, मुंगी नाही,
बुरशीची एक पांढरी रेघ,
तीही चोरून आल्यासारखी.
अण्णांनी कापड दोन्ही हातांनी ताणून पाहिलं.
कंपनी चांगली आहे, म्हणाले.
आणि वर अठ्ठावीस किलोचा घड लोंबत होता,
आखातात जाणारा, निळ्या पिशवीत,
ज्याच्यासाठी व्यापारी बांधावर येऊन
आपल्या पैशानं चहा पाजतो.
सर, ही माती मेली म्हणू
तर घराचा दुसरा मजला कुणी बांधला?

कॉलेजचं अर्धं गेलेलं.
मातीनं खाल्लं की उंदरानं, यावर
वर्गात दोन तास वाद झाला, निकाल नाही.

डोंगरावरच्या खड्ड्यात मला आधी काहीच दिसेना.
मग बोटाला लागला शिवणीचा दोरा,
पॉलिस्टरचा, खांद्याचा आकार धरून बसलेला,
आणि एक चिकट पट्टी: ९०.
बाकी सगळी माती, मऊ, उबट,
हातातून सुटली की वास मागे ठेवणारी.
असं काय घालता, विचारलं.
धारकाबाई म्हणाली, शेळ्या बसतात उन्हाळाभर रात्री. अजून काय?
मी पिशवीतून छोटं बनियन काढलं, साठ नंबर.
तिनं नातवाच्या अंगाला लावून पाहिलं, हसली,
म्हणाली, हे पुरू नको.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आलेले.
नमुने तीनच का?
पुड्यात तीनच होती, सर.
सतरा मिळाले, विसापैकी.

आईनं सावद्याचं बनियन धुतलं, निळीत बुडवलं,
वाळवलं, घडी करून अण्णांच्या कपाटात.
तिच्या लेखी संशोधन संपलेलं.
ते घालून अण्णा केळीत जातात.
पाठीवर तांबूस-काळा डाग आहे, साबणाला न जुमानणारा,
बगलेपासून कमरेपर्यंत, तापीच्या वळणासारखा.
मी मागून चालते तेव्हा तेवढाच दिसतो.

आवंदा कापणीनंतर केळीची खोडं
बांधावर ओढून पेटवली नाहीत.
तुकडे करून दोन ओळींमध्ये पडलीयेत, सडतायत,
चिलटं उठतात पाय ठेवला की.
मी काही विचारलं नव्हतं.
तरी अण्णा जेवताना म्हणाले,
मजूर मिळत नाही हल्ली.
आणि भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता,
किती दिवस म्हणालीस तू, साठ?