शनिवार

सांवेरच्या कोल्ड स्टोरेजमागे
बटाट्याची काढणी. हजेरी मी लिहितो.
नाव? थावरी.
म्हणजे शनिवारची, मुकादम म्हणाला,
यांच्यात वारावरूनच ठेवतात.
गाव झाबुआकडचं. सहीच्या जागी अंगठा.

पगाराचा वारही शनिवारच.
पहिल्या शनिवारी सुटे नव्हते,
दुसऱ्या शनिवारी शेठ इंदूरला, लग्नात.
पोरगं रात्रभर खोकायचं ताडपत्रीखाली;
आत बटाट्यांना तीन अंश, मोजून,
काटा बघायला वेगळा माणूस.

भगोरियासाठी टोळी निघाली तेव्हा
तिनं ओटीतून दोन बटाटे काढून
माझ्या वहीवर ठेवले.
हेपण लिही, म्हणाली. कापून घे.

तिचे अकरा दिवस
अजून माझ्याच अक्षरात आहेत.
शनिवार म्हटलं कुणी
की मी दाराकडे बघतो.