ॲव्हरेज

सोहार बंदराच्या गोदामात भिजलेली पोती मोजताना
खल्फान पुटपुटला, “अवार.”
म्हणजे खोट. बोटीत नासलेला माल.

तोच शब्द गलबतांवरून फिरत इंग्रजीत गेला,
असं त्याचं म्हणणं,
आणि झाला ॲव्हरेज:
वादळात कुणा एकाच्या पेट्या समुद्रात फेकल्या
तर तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

आमच्याकडे ॲव्हरेज म्हणजे
स्कूटर लिटरला किती जाते.
नाहीतर चिन्मयच्या प्रगतिपुस्तकात बाईंचा शेरा,
काल सुमेधाने फोनवर हळूच वाचलेला.

नऊ वर्षांपूर्वी घर बुडू नये म्हणून
मी मलाच उचलून बाहेर टाकलं.
वाटणीत पोराच्याही वाट्याला
आलं काही.

“किती झाली?” खल्फानने विचारलं.
सतरा, म्हणालो.
पुन्हा मोजली.
एकोणीस.