शेरा

मामलेदार कचेरीतून मिळालेल्या फॉर्मला
अकरा रकाने आहेत.
बारावा 'शेरा', बोटभर रुंद.

चोडणच्या फेरीत मी तो मांडीवर घेऊन बसतो,
प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडा.
वादळ जाऊन नऊ दिवस झाले
तरी मांडवी अजून दुधाळ चहाच्या रंगाची,
आणि तिच्यातून अजून वाहतायत
कुणाच्या तरी छपराचे वासे, एक निळा पिंप,
एक चप्पल, डावी.

दूर पणजीकडे कॅसिनोच्या बोटी पुन्हा सुरू झाल्यात,
दिवसाढवळ्या दिवे लावून.
चार रात्री बंद होत्या.
त्यांचा तोटा पाचव्या दिवशी पेपरात आला,
शेवटच्या रुपयापर्यंत.
मला हेवा वाटला त्या मोजणाऱ्याचा.

मी तलाठी. माझ्या सहीशिवाय
इथलं नुकसान नुकसान होत नाही.
तोवर ते नुसतं पाणी असतं.

बांधाला खांड पडलीय, चाळीस मीटर.
मानशीचं दार कुठं वाहून गेलं कुणालाच ठाऊक नाही.
झिलू कवळेकार म्हणतो, लिहा,
दोन लाख साठ हजार.
एवढ्याला त्यानं मार्चमधल्या पावणीत मानस घेतली होती,
वर्षभराची मासळी आपली म्हणून.
आता खांडीतून शेवटे, काळुंदरं, खेकडे
भरतीला येतात, ओहोटीला जातात,
कुणाचंच देणं न लागता.
"दारच नाही तर मासळी कुणाची?" तो विचारतो.
रकाना सात : पुरावा.
पावतीचा लगदा झालाय.
तो लगदाच दाखवतो मला, तळहातावर, जपून,
घरट्यातून पडलेलं पिल्लू दाखवावं तसा.

पिएदाद मास्कारेन्यसच्या घरात पाणी कमरेपर्यंत होतं.
फ्रिज : लिहिला.
गाद्या दोन : लिहिल्या.
कोंबड्या चौदा, सरकारी दरानं.
मग ती मला कोठीपाशी नेते.
कोर्गुटाचं बियाणं, खारं पाणी सोसणारं,
पण कोठीत नऊ दिवस नाही.
फुगलंय, आंबलंय. हात घातला तर आत ऊब.
तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं,
दरवर्षी थोडं पेरलेलं, थोडं राखलेलं.
"किलोला भाव काय?"
"विकलंच नाही कधी."
भाव नाही म्हणून रक्कम नाही,
रक्कम नाही म्हणून नुकसान नाही.
मी शून्य काढतो. नीट, गोल.

पुढल्या वर्षी ती सोसायटीतून बियाणं विकत घेईल,
तेव्हा देशाचं उत्पन्न वाढेल.
जेसीबी आला ताशी बाराशेनं, उत्पन्न वाढलं.
ताडपत्री, सिमेंट, जुलाबाच्या गोळ्या, वाढलं.
तिचा आग्नेल परवा बोटीवर जायला
एजंटाचे पैसे भरून आला.
तेही वाढलंच.

टीव्हीवर टाय लावलेला एकजण सांगत होता,
वादळानं देशाच्या उत्पन्नातला अर्धा टक्का नेला,
दोन तिमाहींत भरून निघेल.
अर्ध्या टक्क्यात चोडण कुठं बसतं
ते मी फेरीत बोटांवर शोधत होतो,
शून्यांमागून शून्यं,
तेवढ्यात रायबंदरचा धक्का लागला.

एक सांगायचं राहिलं.
निघताना पिएदादनं मला शेतात नेलं होतं.
वाकून चिमूटभर माती तिनं जिभेवर घेतली,
डोळे मिटून,
रविवारी पाद्री ओस्त ठेवतो त्याच जिभेवर.
थुंकली.
म्हणाली, "तीन पावस."
मीठ उतरायला तीन पावसाळे.
मीही चाखली. मला नुसती खारट लागली.

बाराव्या रकान्यात मी तिचंच लिहिलं :
तीन पावसाळे.

काल फाइल परत आली.
लाल शाईत : शेरा अंकांत लिहावा.

मी लिहिलं
३.