शेरा

अक्कलकोट रोडच्या आमच्या टॉवेल कारखान्यात
सिस्टिम आली ती ऐन मार्चएंडला.
पुण्याचा पोरगा म्हणाला, आधी मास्टर भरा.
मी भरायला बसले.
राजमल्लू काका बारदानावर बसून शेड सांगत होते:
कबुतरी. जुनं कबुतरी. राख. ओली राख.
चारही ग्रेच ना? पोरगा म्हणाला, एकच कोड करा.
काका म्हणाले, ओली राख धुतल्यावर निळी मारते बे.
मी दोन कोड केले.
त्यानं एक काढला.

पहिले तीन महिने नुसता घोळ.
ट्रक गेटवर, माल डोळ्यांसमोर,
पडद्यावर शिल्लक शून्य,
गेटपास निघेना.
ड्रायव्हर टायरच्या सावलीत झोपून गेला.

मग मोजणी लागली.
बिलांप्रमाणे सुताच्या एकशे बारा गोण्या,
गोदामात एकशे तीन.
काका काहीच बोलले नाहीत.
रात्रभर टॉर्च घेऊन एकटे फिरले,
ओकटी, रेंडू, मूडू...
पहाटे नऊ सापडल्या, बॉयलरमागे,
त्यांनीच ठेवायला सांगितलेल्या,
काकू गेल्या त्या आठवड्यात.
नोंद कुठेच नव्हती,
डोक्यातसुद्धा.

दिवाळीपर्यंत आकडे बसले.
एकसष्ट दिवसांचा साठा अडतीसवर आला.
बँकेच्या साहेबानं स्वतःहून चहा मागवला.
शिलाईतल्या भूदेवी गाजुलचा ओव्हरटाइम
पहिल्यांदा मिनिटासकट पगारात आला,
तिनं दोनदा मोजला.
हे खोटं कसं म्हणू?
रिपोर्ट मीच काढते.
वर्षभरात एकच लॉट परत आला.
कुठला, ते सांगत नाही.

प्रत्येक मालाच्या पानावर तळाशी एक चौकट असते, शेरा,
दोनशे चाळीस अक्षरांची. कुणी भरत नाही.
काका सुटायच्या आधीच्या महिन्यात
जेवणाच्या सुट्टीत मी विचारत गेले, भरत गेले:
तिसऱ्या रॅकच्या तळाला ओल येते, लाल ठेवू नका.
मे महिन्यात बारीक सूत तुटतं, फरशीवर पाणी मारा.
शेजारच्या वडनालांकडे दोन गोण्या उसन्या,
मागायच्या नाहीत, ते आणून देतात.

शेरा रिपोर्टमध्ये छापून येत नाही.

काल नवा स्टोअरकीपर म्हणाला,
मॅडम, हे अर्धंच आहे:
'कबुतरीचे कोन पूर्वेच्या खिडकीशी लावू नका, पण जर'
अक्षरं तिथं संपलेली.
मला पुढचं आठवेना. काकांना फोन लावला.
पलीकडे कुकरची शिट्टी, नातवाचा दंगा.
ते म्हणाले, सांगतो.
आधी तू सांग,
आज वारा कुठून आहे?